कोंबडी कुणी मारली? खुराड्यापाशी करायचा पंचनामा

आमचं घर पुण्यातल्या सूसच्या टेकडीच्या पायथ्याशी, जुनं गाव आणि नव्या सोसायट्या यांच्या मधल्या पट्ट्यात. मागं थोडी मोकळी जागा, तिच्यात एक चिंच, एक शेवगा आणि बारा कोंबड्या. काही गावठी, काही गिरिराज. दिवसभर मोकळ्या, तिन्हीसांजेला खुराड्यात. एका सकाळी दार उघडलं तर आत दोन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, मरून पडलेल्या. मानेपाशी चावा, थोडी छाती खाल्लेली, बाकी अंग शाबूत. शेजारचे मामा कुंपणापलीकडूनच म्हणाले, "मुंगूस. दुसरं कोण? नरडं फोडून रगात प्यायलंय." मीही मान डोलावली आणि कुंपणाकडेचं एक बीळ दगड-सिमेंटनं बुजवून टाकलं. चौथ्या रात्री तिसरी कोंबडी गेली.

मग लक्षात आलं की मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. मुंगूस दिवसा हिंडतं, रात्री बिळात असतं. दार रात्रभर बंद होतं. आणि बुजवलेलं बीळ घुशीचं निघालं, तिनं ते दोन दिवसांत शेजारून पुन्हा काढलं. खरा पाहुणा वरून, सरकलेल्या कौलातून येत होता.

तेव्हापासून कोंबडी गेली की आधी पंचनामा, मग डागडुजी. कारण मारेकरी चुकला की भोकही चुकीचंच बुजतं. पंचनाम्याचा माझा क्रम असा.

पहिलं काम: कुणालाही पुढं येऊ देऊ नका

पोरं, घरातला कुत्रा आणि झाडू, हे तिघं पुरावा नष्ट करण्यात पटाईत. त्यांना लांब ठेवा. सांडलेली पिसं गोळा करायची घाई नको. मोबाइलवर आधी लांबून, मग जवळून फोटो काढा. जवळच्या फोटोत काडेपेटी किंवा दहाचं नाणं शेजारी ठेवा, म्हणजे ठसा किंवा घाव केवढा होता ते नंतर कळतं.

मग कोंबड्या मोजा. मेलेल्या किती, जखमी किती, गायब किती. हे तीन आकडे फार बोलके असतात. एक गायब आणि बाकी ठणठणीत, ही एक कहाणी. पाच मेलेल्या आणि एकही न खाल्लेली, ही सर्वस्वी वेगळी.

मेलेल्या पक्ष्याला हातमोजे घालूनच हात लावा. नसतील तर दुधाच्या दोन पिशव्या हातावर चढवा. तोंडाला रुमाल बांधा.

दुसरं: वेळ ठरवा

माझ्या मते सगळ्यात मोठी चाळणी हीच. कोंबडी शेवटची जिवंत कुणी पाहिली, कधी पाहिली? घरातल्या प्रत्येकाला विचारा. आमच्याकडे याचं उत्तर बहुतेक वेळा आईकडे असतं, कारण दाणे तीच टाकते.

उजेडात गेली असेल तर मुंगूस, कुत्रा, मांजर, घार, शिक्रा आणि घोरपड यांच्यावर संशय. अंधारात गेली असेल तर उदमांजर, जवादी मांजर, कोल्हा, घुबड, घूस, आणि गावाबाहेर असाल तर बिबट्या. कुत्रं आणि मांजर दोन्ही यादीत, कारण त्यांना वेळेचं बंधन नाही. रानमांजर, म्हणजे ज्याला काही ठिकाणी बाऊल म्हणतात ते, पहाटे आणि दिवेलागणीला जास्त फिरतं, पण उसाच्या किंवा नदीकाठच्या पाणकणसाच्या आडोशानं भरदिवसाही येतं.

एवढ्यावरच निम्मे संशयित सुटतात. मामांना मी हे नंतर सांगितलं, पण त्यांच्या मुंगसावरचा विश्वास काही ढळला नाही.

तिसरं: मारली की मेली?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. कोंबडी आजारानं मेली आणि नंतर मांजरानं किंवा घुशीनं खाल्ली, तर आपण घुशीलाच खुनी ठरवतो. खाणारा तो मारणारा, असं समीकरण नाही.

पारख सोपी आहे. घावाभोवतीची पिसं उपटा आणि कातडी थोडी सोलून आतून पाहा. जिवंतपणी चावा बसला असेल तर कातडीखाली काळं-लाल रक्त साकळलेलं दिसतं, मांस काळंनिळं पडतं. मेल्यावर लचका तोडला असेल तर मांस फिकट आणि स्वच्छ राहतं.

घाव कुठंच नसेल तर शिकारी विसरा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीपार जातो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी, पंख पसरलेले, अशी दुपारी पत्र्याखाली पडलेली दिसली तर ती उष्म्यानं गेली. रानीखेत या रोगात मान मुरगळते, विष्ठा हिरवट होते, पक्षी श्वासाला तडफडतो. ती पिळलेली मान बघून कुणीतरी मान मुरगळून टाकली असं वाटतं, त्याला फसू नका. पिलांना रानीखेतची लासोटा लस दिली होती का, ते आठवा.

एक इशारा. घाव नसताना एक-दोन दिवसांत तीन-चार पक्षी मेले, तर वर सांगितलेली चिरफाड अजिबात करू नका. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता, २०२१ मध्येही राज्यात आला. अशा वेळी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना तिथं कसा न्यायचा ते दवाखान्यातले डॉक्टर सांगतील.

चौथं: पिसं वाचा

एखादं पीस उचला आणि त्याचा देठ बघा. शिकारी पक्षी पीस उपटतो, त्यामुळं देठ टोकापर्यंत अख्खा असतो, क्वचित त्यावर चोचीचा दाब दिसतो. कुत्रा, मांजर, कोल्हा पिसं चावून तोडतात, म्हणून देठ मधेच तुटलेला, आणि पिसांचे पुंजके लाळेनं एकमेकांना चिकटलेले.

पसाराही बघा. शिक्रा किंवा घुबड एका जागी बसून पिसं उपटतं, त्यामुळं पिसांचं एक वर्तुळ तयार होतं आणि मध्ये उरलेला सांगाडा. कुत्रा खेळवत खेळवत मारतो, त्यामुळं पिसं अंगणभर. पिसांची रेघ कुंपणाच्या एका कोपऱ्याकडं जात असेल तर शिकार तिकडून ओढून नेली. त्या रेघेमागं जा, बरेचदा बाभळीच्या जाळीत उरलेले पाय सापडतात.

पण वर्तुळ दिसलं म्हणून लगेच घारीला शिव्या देऊ नका. आपली नेहमीची घार एक किलोच्या आतबाहेरची असते. दोन किलोची गिरिराज ती उचलूच शकत नाही. ती पिलं नेते, आणि मेलेली कोंबडी दिसली तर तिच्यावर उतरते. उरुळी देवाचीच्या कचरा डेपोवर तिला ज्यानं उतरताना पाहिलं असेल, त्याला तिचा स्वभाव माहीत आहे.

पाचवं: घाव

इथं घाई करू नका. मान, डोकं, पाठ, मांड्या, पोट, या क्रमानं पिसं बाजूला करून बघा. पिसांखालचे दातांचे व्रण वरून दिसत नाहीत, बोटांनी चाचपावं लागतं.

कुत्रा. पुण्याच्या आसपास मोकळ्या कोंबड्यांचा मोठा शत्रू मला हाच वाटतो, आणि त्याचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं जातं, कारण तो आपल्याच गल्लीतला असतो. चावे पाठीवर, मांड्यांवर, पंखांवर, कसेही. बरगड्या मोडलेल्या, कातडी फाटलेली, अंग ओलं. एकावेळी चार-सहा मारून टाकतो आणि खात काहीच नाही. पोट भरलेल्या कुत्र्याचा हा खेळ असतो. जाळी फाटलेली किंवा खालून माती उकरलेली असेल तर शंका नकोच.

मुंगूस. चावा मानेच्या मागं किंवा डोक्याच्या बुडाशी, दात बारीक. दोन सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर करंगळीच्या नखाएवढंच भरतं. कुत्र्याच्या खुणांत दोन बोटं सहज बसतात. डोकं आणि मान आधी खातं. मोकळ्यावर एखादी नेईल, पण खुराड्यात शिरलं आणि कोंबड्या फडफडायला लागल्या की एकामागून एक मारत सुटतं. रक्त पिण्याची गोष्ट मात्र खरी नाही. मानेतून थोडं रक्त बाहेर येतं, ते चाटलं जातं, आणि बाकीचं आत साकळतं. त्यामुळं कोंबडी रिकामी झाल्यासारखी दिसते, एवढंच.

उदमांजर. चावा मानेवर किंवा डोक्यावरच, म्हणून मुंगसाशी गल्लत होते. फरक वेळेत आणि वाटेत. हे रात्रीचं, झाडावरून छपरावर, छपरावरून आत. छाती आणि पोटातला ऐवज आवडीनं खातं. एरवी त्याचा भर फळांवर असतो, त्यामुळं भिंतीच्या माथ्यावर किंवा पत्र्यावर बियांनी भरलेली विष्ठा सापडली की मी निर्धास्त होतो, म्हणजे निदान नाव तरी कळलं. त्याचा वास विचित्र असतो: शिजलेल्या बासमतीसारखा. आमच्या आईला त्या चार दिवसांत दोनदा वाटलं होतं की रात्री शेजारी कुणीतरी भात लावलाय. जवादी मांजर त्याचंच भाऊबंद, पण ते जमिनीवरून येतं आणि दारातल्या फटी शोधतं.

रानमांजर आणि बोका. नीटनेटकी शिकार. मानेवर एक घट्ट चावा, मग शिकार उचलून आडोशाला. घरचं मांजर पूर्ण वाढलेल्या कोंबडीच्या सहसा वाटेला जात नाही, पिलं आणि लहान तलंगा मात्र सोडत नाही. रानमांजराला मोठी कोंबडीही जड नाही. ते घरच्या मांजरापेक्षा उंच, पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाला काळी वलयं.

घुबड. झाडावर झोपणाऱ्या कोंबड्यांची शिकार मोठं शृंगी घुबड करू शकतं. डोकं आणि मान गायब, अंग झाडाखाली. टेकड्यांच्या कडेकपारीजवळ राहत असाल तर हे लक्षात ठेवा.

डोकं नाही आणि कोंबडी जाळीला चिकटून पडलेली, असं दृश्य असेल तर कुणी आत आलंच नाही. जाळीच्या भोकातून पंजा घालून डोकं किंवा पाय ओढला गेला. हे काम मांजर, उदमांजर, मुंगूस कुणीही करतं. इथं नाव शोधण्यापेक्षा जाळी बारीक करणं महत्त्वाचं.

सहावं: वाट शोधा

खुराड्याभोवती जमिनीपासून सुरुवात करून छपरापर्यंत एक फेरी मारा. मूठ जाईल एवढ्या फटीतून मुंगूस आत येतं. उंदराला अर्धा इंच पुरतो. सरकलेलं कौल, उचकटलेला पत्रा, खुराड्यावर झुकलेली फांदी, यांचा अर्थ वरून आलेला पाहुणा. फटीच्या कडेला अडकलेले केस मिळाले तर कागदाच्या पुडीत ठेवा. मुंगसाचा केस जवळून पाहिला तर त्यावर गडद-फिकट पट्टे दिसतात, त्यामुळंच त्याचं अंग मिठमिरी रंगाचं वाटतं.

खुराड्याचं दार नुसतं ढकलून लावलेलं होतं का? आमच्या वस्तीत एकानं हे महिनाभर कबूल केलं नाही.

सातवं: ठसे

ओली माती असेल तर नशीब. नसेल तर संध्याकाळी संशयाच्या वाटेवर रांगोळी किंवा चाळलेली राख पातळ पसरा आणि सकाळी उजेड तिरका असताना बघा. बोटं मोजा. चार बोटं आणि नखांच्या खुणा म्हणजे कुत्रा किंवा कोल्हा. कोल्ह्याचा ठसा जरा लांबट आणि अरुंद. चार बोटं, नखं नाहीत, ठसा गोल, म्हणजे मांजराच्या जातीतलं कुणीतरी. पाच बोटं म्हणजे मुंगूस किंवा उदमांजर, आणि त्यांचा निवाडा वेळेनं करायचा. दोन्ही बाजूंना पायांच्या ठशांची रांग आणि मध्ये शेपटीची नागमोडी खूण असेल तर घोरपड.

गोल, बिननखांचा ठसा आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढा असेल तर तपास तिथंच थांबवा. तो बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात लोकांना हे शिकवावं लागत नाही. शहराच्या कडेला राहणाऱ्यांना अजून नवल वाटतं. पोरांना आत घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

काहीच उरलं नसेल तर

ना पिसं, ना रक्त, ना आवाज. कोल्हा, रानमांजर, कधी कुत्रं असं उचलून नेतं, पण चार पिसं तरी मागं राहतात. तेव्हा आधी अडगळ, गवताची गंज, बोगनवेलीचं बूड शोधा. आमची एक गावठी अशीच बेपत्ता झाली. तिच्या नावानं आम्ही कोल्ह्याला बोल लावला, आणि तीन आठवड्यांनी ती सात पिलं घेऊन अंगणात हजर. खुडूक होऊन लाकडांमागं बसली होती बाई. अंडी उबवायला २१ दिवस लागतात, तेवढे दिवस धीर धरायला हरकत नाही.

आणि गटारीच्या आदल्या आठवड्यात तुरेवाला कोंबडाच तेवढा नाहीसा झाला असेल, तर ठसे दोन पायांचे असण्याची शक्यता मोठी.

पिलं आणि अंडी

यांचा हिशेब वेगळा. उघड्यावरचं पिलू दिवसा झडप घालून नेलं तर घार, शिक्रा, डोमकावळा किंवा भारद्वाज. रात्री खुराड्यातून पिलं कमी होत असतील आणि कोपऱ्यात ताज्या मातीचा ढीग दिसत असेल तर घूस. ती पिलू बिळात ओढते, कधी बसलेल्या कोंबडीचे पायही कुरतडते. घूस या सगळ्या प्रकरणात फार कमी लेखली जाते.

अंडी अख्खी गायब, टरफलाचा तुकडाही नाही, तर साप किंवा घोरपड. अंडं बाजूनं टोचलेलं असेल तर कावळा, नाहीतर आपलीच कोंबडी. टरफलं दगडापाशी फुटलेली असतील तर मुंगूस. ते अंडं पुढच्या पायांत धरून मागच्या पायांमधून दगडावर फेकतं. पिलू मेलेलं, अंगावर घाव नाही, पण डोकं-मान ओली आणि चिकट, असं दिसलं तर सापानं गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलं. म्हणून अंड्यांच्या खोक्यात हात घालण्याआधी टॉर्च मारा. धामण असेल तर बिनविषारी, पण नागही याच वाटेनं येतो. दिसला तर मागं या आणि सर्पमित्राला किंवा १९२६ला फोन करा.

खात्री पटवा, मग दुरुस्ती

एकदा फुकट जेवण मिळालं की मारेकरी परत येतो, बहुधा दोन-चार रात्रींतच. जुना मोबाइल चार्जरला लावून खुराड्याकडं रोखा किंवा साधा वायफाय कॅमेरा बसवा. मेलेली कोंबडी आमिष म्हणून बाहेर ठेवू नका, त्यानं अख्ख्या वस्तीचे कुत्रे जमतात, आणि बिबट्याच्या भागात तर ते महागात पडेल. ती खाऊही नका. दोन-अडीच फूट खड्डा, खाली-वर चुन्याची फक्की, वर दगड.

दुरुस्ती नावाप्रमाणं. कुत्र्यासाठी: पातळ षटकोनी जाळी तो फाडतो, तिथं जाड तारेची वेल्डमेश लावा, ती फूटभर जमिनीत पुरा आणि बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरून मातीनं झाका, म्हणजे उकरायला जागाच राहत नाही. मुंगूस आणि घुशीसाठी: अर्ध्या इंचाची जाळी, खाली फरशी किंवा कोबा. उदमांजरासाठी: छपराला आतून जाळी आणि झुकलेल्या फांद्या छाटणं. घारीसाठी: पिलं महिन्या-दीड महिन्याची होईपर्यंत डालग्याखाली किंवा जाळीखाली.

विष, फासे, सापळे यांचा विचारही नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगूस, उदमांजर, रानमांजर, घोरपड, साप, घुबड या सगळ्यांना संरक्षण आहे, आणि विष घातलेलं मांस बहुतेक वेळा शेजाऱ्याचा कुत्रा खातो.

आमच्या खुराड्याच्या कौलांखाली आता जाळी आहे, दाराला दोन कड्या. चिंचेची एक फांदी तोडायची राहिली होती, ती मामांनीच कोयत्यानं उतरवली. खाली उतरल्यावर म्हणाले, "तरी मुंगूस असणारच."